तळव्यांची परीक्षा

माझ्या तळव्यांचा मला फार अभिमान होता. लोकांना पोरांच्या पगाराचा असतो, मला तळव्यांचा. निंबोल्याला आमचं केळीचं शेत. लहानपणी चप्पल ही फक्त लग्नाला जाताना घालायची वस्तू होती. भर मे महिन्यात, कपाशी निघून गेलेल्या भेगाळ वावरातून आम्ही भावंडं अनवाणी पळायचो आणि ज्याच्या तोंडून आधी 'हाय' निघेल तो हरला, असा आमचा खेळ होता. मी बहुतेक वेळा जिंकायचो. पुढे बुऱ्हाणपुरात शिक्षक झालो, शहरात घर बांधलं, पायात बूट आले. तरी पाहुणा आला की मी विषय वळवून वळवून तिथंच आणायचो. "आमच्या तळव्याखाली खिळा वाकेल, तळव्याला काही होणार नाही." बायको आतून म्हणायची, "डोक्याचंही तसंच आहे."

या अभिमानाची शिक्षा मला झाली असती तर मी ती हसून सांगितली असती. झाली ती आमच्या कुत्रीला.

ती मुळात मुलीची. कॉलेजात असताना मुलीनं गल्लीतलं एक बदामी पिल्लू उचलून घरात आणलं. मी आठ दिवस आरडाओरडा केला. नवव्या दिवशी ते पिल्लू माझ्या पायावर हनुवटी टेकून झोपलं आणि माझा विरोध तिथंच मावळला. मग मुलगी नोकरीला इंदूरला गेली आणि कुत्री आमच्या पदरात टाकून गेली. सकाळचं फिरवणं बायकोकडे, संध्याकाळचं माझ्याकडे, अशी वाटणी झाली. मला साखरेचा आजार. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलेलं, पण एकटा मी सलग चार दिवसांच्या वर कधी चाललो नाही. ती मात्र पाच वाजले की पट्टा तोंडात धरून समोर येऊन उभी राहायची. तिला नाही म्हणायची माझी टाप नव्हती. खरं सांगायचं तर, रिटायर झाल्यावर दिवसभरात माझी वाट बघणारं घरात तेवढं एकच कोणीतरी होतं.

आता पाचच का, हे सांगून टाकतो. बायकोला मी सांगायचो की पाचला उन्हं उतरतात. खरं कारण असं, की चौकातल्या हलवायाची कढई पाचला तापायची आणि बायको त्याच वेळेला भजनाला गेलेली असायची. बुऱ्हाणपुरात राहायचं आणि माव्याची जिलबी खायची नाही, हा माणसावर अन्याय आहे असं माझं मत होतं. रोज एकच. उभ्या उभ्या. वर माठातलं पाणी, मग रुमालानं मिशा साफ. कुत्री शेजारी बसून सगळं बघायची. तिला तुकडाही द्यायचो नाही, कारण कुत्र्याला गोड चांगलं नसतं. तिचं पथ्य मी फार कडक पाळायचो.

यंदा आमच्या गल्लीत मुरुमाच्या जागी सिमेंटचा रस्ता झाला होता. उन्हाळा लागल्याबरोबर मुलीचा फोन आला.

"पप्पा, रोड कितना गरम होतो माहीत आहे ना? तिला बाहेर नेण्याआधी हात ठेवून चेक करायचा. उलटा हात. सात मोजेपर्यंत ठेवता आला तरच न्यायचं. नाही तर नाही. पक्का?"

"पक्का," मी म्हटलं.

पण उलटा हात रस्त्यावर ठेवायचा म्हणजे खाली वाकायचं. मध्ये पोट. शिवाय गल्लीत सगळ्यांच्या देखत मास्तर रस्त्याला हात लावतोय, लोक म्हणतील काही पडलं का काय. मग मी विचार केला, हाताला काय कळतं? हात खडू धरायला. जमिनीचं जमिनीवर चालणाऱ्याला विचारावं. मी चप्पल काढली, उजवा तळवा सिमेंटवर ठेवला आणि चांगलं सातच्या ऐवजी दहापर्यंत मोजलं. काही नाही. गार नव्हतं, पण गरमही नव्हतं. "चल," मी तिला म्हटलं. रोज असंच. रोज चप्पल काढायची, दहा मोजायचे, चल म्हणायचं.

तेहेतीस वर्षं मी पोरांना उष्णता शिकवली. कोणता पदार्थ लवकर तापतो, कोणता उशिरा थंड होतो, हे फळ्यावर आकृती काढून सांगितलं. ऊन उतरलं म्हणजे दगड थंड झाला असं नसतं, हे न समजणाऱ्या पोरांना मी बाकावर उभं केलेलं आहे.

दोन-तीन दिवसांत ती चालताना पाय उचलायला लागली. पुढचा उजवा, मग डावा, मग दोन पावलं पळायची, भिंतीच्या सावलीला चिकटायची. मला वाटलं, नखरे. मुलीनं लाडावून ठेवलेली. मी म्हटलंसुद्धा, "आमच्या वेळी आम्ही वावरातून पळायचो." आणि पट्टा ओढला.

त्या संध्याकाळी ती हलवायाच्या दुकानापर्यंत कशीबशी आली आणि माठाखाली जे ओलं पोतं अंथरलेलं असतं त्यावर जाऊन उभी राहिली. माझी जिलबी झाली, पाणी झालं, मिशा झाल्या. ती पोत्यावरून हलेना. भजन सुटायची वेळ झाली होती. मी ओढलं. ती बसली. मी आणखी ओढलं. हलवाई म्हणाला, "रहने दो मास्साब, थोड़ी देर में चल देगी." मी म्हटलं, "आप जलेबी देखो." आणि मी तिला त्या तापलेल्या रस्त्यावरून घरापर्यंत जवळजवळ फरपटत आणलं. हे लिहितानाही मला माझी लाज वाटते.

घरी आल्यावर ती आडवी पडून पाय चाटायला लागली. थोड्या वेळानं बायको आली, फरशीवरचे लाल ठसे बघितले आणि तिनं कुत्रीचा पंजा हातात घेऊन उलटा केला. तळाच्या गाद्या सोलून निघाल्या होत्या. एकीवर मोठा फोड होता.

"अहो, हे काय करून आणलं? पूरी चमडी निघाली हो तिची!"

"मी पाय ठेवून बघितला होता," मी म्हटलं. "रोज बघतो. रस्ता थंड होता."

"थंड होता?"

"थंड म्हणजे, गरम नव्हता."

ती माझ्याकडे अशी बघायला लागली, की मी रिटायर झाल्यापासून पहिल्यांदाच मला समोर कोणी मोठ्या मास्तरीणबाई बसल्यात असं वाटलं. मग रिक्षा बोलावली. कुत्रीला पोत्यात नाही, स्वतःच्या मांडीवर धुतलेल्या चादरीत घेऊन ती ढोरांच्या दवाखान्यात गेली. मी पुढे ड्रायव्हरजवळ अर्धा बाहेर बसलो.

तिथले डॉक्टर तरुण होते. त्यांनी पाय थंड पाण्यानं धुतले, मलम लावून पट्ट्या बांधल्या आणि म्हणाले, "सर, जलती हुई सड़क पे चलाया है. चेक नहीं किया था?"

"किया था!" माझा आवाज चढला. "नंगे पाँव खड़ा रहा हूँ!"

डॉक्टरांनी माझ्या बायकोकडे बघितलं आणि बायकोनं छताकडे. मी खोटं बोलतोय हे दोघांनी ठरवून टाकलं होतं. रात्री मुलीचा फोन आला. ती भांडली असती तर मी भांडलो असतो. ती एवढंच म्हणाली, "पप्पा, तुम्ही चेक केलंच नव्हतं ना?" आणि फोन आईकडे द्या म्हणाली.

पुढचे दिवस आमच्या घरात कुत्रीचं राज्य होतं. तिचे चारी पाय बांधलेले. पट्ट्या चाटू नये म्हणून बायकोनं नातेवाइकांकडून तान्ह्या बाळाचे मोजे मागवले. दोन पायांत पिवळे, दोन पायांत सशाचं तोंड असलेले. ती मोज्यांतून टाइल्सवर घसरायची आणि मग आमच्याकडेच रागानं बघायची. शेजारच्या मावशी मेंदीची वाटी घेऊन आल्या. "तिच्या पायले मेंदी लाव नं, ताई. आमी उन्हाळ्यात लावतोच. थंडक पडते." जखमेवर मलमाशिवाय काही लावायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलंय, असं सांगितल्यावर त्यांचं मन खट्टू झालं. मग त्यांनी कालवलेली मेंदी वाया जाऊ नये म्हणून बायकोच्या तळव्यांना लावली. दोघी तासभर पाय हवेत धरून बसल्या होत्या. खाली मधोमध मोजे घातलेली कुत्री. मी हसलो तर तिघींनी माझ्याकडे बघितलं.

हे सगळं चाललं होतं, पण माझ्या जिवाला एक गोष्ट खात होती. कुत्री माझ्यापासून लांब राहायला लागली. बायकोच्या हातून खायची, माझ्या हातून घ्यायची नाही. मी पट्टा नुसता खुंटीवरून काढला, तर दिवाणाखाली जाऊन बसली. मी फरशीवर आडवा होऊन तिला हाक मारली, पोट असूनही. ती भिंतीकडे तोंड करून राहिली. ती परत माझ्याबरोबर रस्त्यावर येईल की नाही, एवढंच माझ्या डोक्यात फिरत होतं. आणि त्यावर, खोटारडा ठरल्याचा राग. मी रस्ता तपासला होता. देवाशपथ तपासला होता.

एका दुपारी बायकोनं कढईत थोडं तूप पाघळवलं आणि काशाची वाटी काढली. उन्हाळ्यात तुपाचा हात लावून काशाच्या वाटीनं तळवे घासायचे, अंगातली उष्णता निघते, हे आमच्याकडे आईपासून चालत आलेलं. कुत्रीच्या पट्ट्या सुटल्या होत्या, म्हणून बायकोच्या मनात आलं, तिचे पाय घासावेत. मग तिलाच आठवलं की डॉक्टर नको म्हणालेत.

"आता तापवलंच आहे," ती मला म्हणाली, "तर वाया कशाला घालवायचं? करा पाय पुढे."

नीट बोलत नव्हती, तरी पाय घासायला तयार झाली. मी खुर्चीत बसून पाय स्टुलावर ठेवले आणि पेपर उघडला. मागचे दोन-तीन उन्हाळे हे राहूनच गेलं होतं. त्याआधी ती घासायला लागली की मला इतक्या गुदगुल्या व्हायच्या, की मी पाय ओढून घ्यायचो आणि तूप फरशीवर सांडायचं.

तिनं तूप माझ्या तळव्यावर ओतलं आणि पसरायला बोट लावलं. "आई गं!" ती ओरडली आणि बोट तोंडात घातलं. मी पेपरवरून बघितलं. "काय झालं?"

"तूप किती तापलंय!"

"हो का?" मी म्हटलं आणि पान उलटलं.

मी पेपर खाली केला तेव्हा ती माझ्या तोंडाकडे बघत होती. तिनं पदरानं घाईघाईनं माझा तळवा पुसला, उठली आणि खराट्याची एक काडी मोडून घेऊन आली.

"डोळे मिटा."

"कशाला?"

"मिटा म्हटलं ना! आता सांगा, कोणत्या बोटाला लावली?"

मी विचार केला. "अंगठ्याला."

"आता?"

"करंगळी."

"आता?"

"पुन्हा अंगठा."

नापास होणारी पोरं उत्तर येत नसलं की कशी आवाजात जोर आणून सांगतात, ते मी आयुष्यभर ऐकलेलं आहे. मी तसाच सांगत होतो. डोळे उघडले तर काडी तिच्या मांडीवर होती. "मी लावलीच नव्हती," ती म्हणाली. "तिन्ही वेळेला नाही."

तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "म्हणजे तुम्ही खरंच पाय ठेवून बघितला होता."

मला आधी कसला आनंद झाला म्हणून सांगू! "बघ! मी सांगत नव्हतो?" मी खुर्चीतून उठलोच. "मुलीला फोन लाव. आत्ता लाव." मी जिंकलो होतो. पण ती उठली नाही, फोन लावला नाही, माझा पाय तिनं दोन्ही हातांत धरून ठेवला, आणि तेव्हा ती काय म्हणाली ते माझ्या डोक्यात शिरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या तळव्यावर फोड आला होता. कुत्रीसारखाच. फक्त मला कोणी ओढलं नव्हतं.

लगेच माझ्या डॉक्टरांकडे. त्यांनी टेबलाच्या ड्रॉवरमधून एक दोन शिंगांचा लोखंडी काटा काढला आणि माझी छाती फुलली. आमच्या हिंदी पुस्तकात त्याला स्वरित्र म्हणतात. शाळेच्या प्रयोगशाळेत मी तो दरवर्षी टेबलावर आपटून पोरांना कंपन दाखवायचो, आपटलेला काटा त्यांच्या हाताला लावायचो आणि पोरं किंचाळायची. डॉक्टरांनी तो आपटला आणि माझ्या अंगठ्याच्या हाडावर टेकवला. "कळतंय?"

काट्याचा आवाज मला छान ऐकू येत होता. अंगठ्याला काहीच कळत नव्हतं. शेवटच्या बाकावरच्या पोरांसारखं 'हो' म्हणून टाकावं असं एकदा वाटलं. मी नाही म्हणालो.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं की साखर बरेच दिवस वाढलेली राहिली की पायांची जाणीव अशी हळूहळू जाते, माणसाला पत्ताही लागत नाही. आता पुढची काळजी घेतली तर निभावेल. अनवाणी एक पाऊलही टाकायचं नाही, घरातसुद्धा. रोज रात्री तळवे कोणाकडून तरी बघून घ्यायचे. मग त्यांनी विचारलं, "गोड?"

"बिलकुल नाही," बायको अभिमानानं म्हणाली. "चहासुद्धा फिका."

मी भिंतीवरच्या मूत्रपिंडाच्या चित्राकडे बघत होतो. तिथं गप्प बसलो असतो तर चाललं असतं. तेवढी सवय मला होती. पण डोळ्यांसमोर ते ओलं पोतं आलं आणि त्यावर उभी असलेली ती.

"रोज एक जिलबी," मी म्हटलं. "माव्याची. पाच वाजता."

"कधीपासून?" बायकोनं विचारलं.

"रिटायर झाल्यापासून."

डॉक्टर प्रिस्क्रिप्शनवर वाकून खूप बारकाईनं लिहायला लागले. घराच्या दारात कुलूप उघडता उघडता बायकोनं विचारलं, "म्हणजे तिचे पाय तुमच्या जिलबीपायी जळले?"

"हो."

"आणि तुमचेही."

"हो."

त्यानंतर ती दोन दिवस भजनाला गेली नाही. तिसऱ्या दिवशी गेली आणि मला बरोबर घेऊन गेली. मी टाळ वाजवतो. वाईट वाजवतो, असं सगळ्यांचं म्हणणं आहे.

मुलीचा फोन आला तेव्हा ती रडली, मग माझ्यावर मनासारखं ओरडली आणि माझ्या पायांसाठी जाड तळाचे बूट पाठवून दिले. निंबोल्याचा गडी आता स्वयंपाकघरात पाणी प्यायला बूट घालून जातो. मावशी म्हणाल्या, "मास्तर घरात बूट घालून फिरते, साहेबच झाला!" फिरवायची वेळ बदलली. सकाळी उजाडताना बायको नेते, तिच्याबरोबर कुत्री आनंदानं जाते. संध्याकाळी दिवेलागण झाल्यावर माझी पाळी. माझ्या पाळीला ती दिवाणाखाली.

मी ओढायचं नाही असं ठरवलं. हाक मारायची नाही, आमिष दाखवायचं नाही. बूट घालून ओट्यावर जाऊन बसायचो. दार उघडं ठेवायचो. पहिले काही दिवस ती आलीच नाही. मग उंबऱ्यापर्यंत आली. मग एकदा ओट्यावर येऊन माझ्यापासून हातभर अंतरावर बसली आणि मी श्वाससुद्धा जपून घेतला.

परवा ती पायरीपर्यंत गेली. पुढचा एक पाय खाली सिमेंटवर ठेवला आणि लगेच उचलला. माझ्या तोंडात 'चल' आलं होतं. ते मी गिळलं. तिनं मागे वळून माझ्याकडे बघितलं. मी काय करतो ते ती बघत होती.

"गेले नाही का अजून?" बायकोनं आतून विचारलं.

"नाही. रस्ता गरम आहे."

"हात ठेवून बघितला?"

"तिनं पाय ठेवून बघितला."

कुत्री परत येऊन माझ्याजवळ बसली. आम्ही दोघं गल्लीत येणारे-जाणारे बघत राहिलो. मावशींनी त्यांच्या दारासमोर पाणी मारलं. अर्धा-पाऊण तास गेला असेल. मग ती उठली, पायरी उतरली, पाय ठेवला, आणि या वेळी उचलला नाही. दुसरा ठेवला. चार पावलं रस्त्यावर गेली आणि थांबली. मला वाटलं, आता परत फिरेल. ती फिरली नाही. रस्त्याच्या मधोमध उभी राहून ती माझ्याकडे बघत होती, मी येतो की नाही म्हणून.